परत आलेल्या नऊवाऱ्या

खून-दरोड्याची प्रकरणं विचाराल तर मला आता धड सांगता येणार नाहीत. नोकरीत इतकी वर्षं गेली, की एकात एक मिसळून गेली आहेत. पण शिवलेल्या नऊवाऱ्यांचं ते प्रकरण मात्र कधीही आठवावं, जसंच्या तसं पुढे उभं राहतं. त्यात ना रक्त होतं, ना हत्यार, ना पळापळ. घरात कधी विषय निघाला तर मी हसतो, बायकोही हसते. पण त्या हसण्याच्या तळाशी एका मुलीची नोकरी होती, आणि ती माझ्याच ठाण्यात जाता जाता राहिली.

नावं लिहिणार नाही. त्या मुलीला आपण सरोज म्हणू, ते तिचं खरं नाव नाही. बाकीचे मालक, सूनबाई आणि आई. एवढ्यावर भागतं.

मी तेव्हा जबलपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझे वडील अमरावतीकडून इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आले. मी इथेच जन्मलो, हिंदीत शिकलो आणि हिंदीतच शिव्या द्यायला शिकलो. मराठी फक्त घरात. ठाण्यात कोणी माझ्याशी मराठीत बोलायला लागलं की मी आधी सावध होतो, कारण तो माणूस बहुतेक वेळा काहीतरी सवलत मागायला आलेला असतो.

मालक असाच आला. सकाळची हजेरी संपून जवान आपापल्या बीटवर गेले होते. चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, हातात टाइप केलेला अर्ज. बसता बसता म्हणाला, "साहेब, तुम्ही आपल्यातले आहात म्हणून सरळ तुमच्याकडे आलो."

"ठाण्यात आपल्यातलं-परक्यातलं नसतं भाऊ. काय झालं ते सांगा."

त्याने सांगितलं ते असं. त्याची बायको शिवलेल्या नऊवाऱ्या इंटरनेटवर विकते. पायजम्यासारखी चढवायची, चेन लावायची की झाली नऊवारी तयार. आजकालच्या मुलींना नेसता येत नाही, पण लग्नात नऊवारीतला फोटो तर पाहिजे! त्यामुळे पुण्या-मुंबईपासून इंदूरपर्यंत मागणी. शिलाई रिछाईच्या कारखानदारी भागातल्या एका शेडमध्ये, बांधाबांध घरातल्या मागच्या खोलीत. हिशेब आणि कर सगळा कॉम्प्युटरवर, त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलेलं.

"आता माल कमी पडून राहिला, साहेब. कॉम्प्युटर म्हणते परत आलेल्या साड्यांचा ढीग आहे. कपाट उघडलं तर एक नाही. चोरी झाली आहे."

मी म्हणालो, "परत आलेल्या म्हणजे?"

इथे मला त्याच्याकडून धडाच घ्यावा लागला. इंटरनेटवरची विक्री म्हणजे गिऱ्हाइकाला पसंत पडलं नाही तर माल वापस. साडी विकली तेव्हा तिच्या किमतीतला जीएसटी ते सॉफ्टवेअर आपोआप वेगळा काढून ठेवतं. साडी परत आली की परतीची नोंद करायची, तिला ते क्रेडिट नोट म्हणतात. ती नोंद पडली की दोन गोष्टी आपोआप होतात. भरायचा कर तेवढा कमी होतो, आणि साडी पुन्हा कपाटात येऊन पडली असं मशीन धरून चालतं. कपाटात ती खरंच पडली का, हे बघायला मशीनला डोळे नाहीत.

"मग अडचण कुठे आली?"

"कर विभागाची नोटीस आली, सुनावणीची तारीखही पडली. तुमच्याकडे इतका माल परत कसा येतो, म्हणतात. कर वाचवायला खोट्या परती दाखवल्या नाहीत ना? परत आलेला माल दाखवा, म्हणतात. आता मी दाखवू काय? माल नाही म्हटलं तर ते म्हणतील, परत आलाच नाही, किंवा तुम्ही रोखीत बाहेर विकला. आमचे कर सल्लागार म्हणाले, चोरी झाली असेल तर पोलिसांचा कागद आणा."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकून ठेवलं. तक्रार घेऊन येणाऱ्याला न्याय हवा आहे की कागद, हे ओळखायला पोलिसाला फार वेळ लागत नाही. न्याय हवा असलेला माणूस चोराबद्दल बोलतो. कागद हवा असलेला तारखेबद्दल बोलतो. मालक सुनावणीच्या तारखेबद्दल तीनदा बोलला.

"संशय कोणावर?"

त्याने मान खाली घातली, पण नाव लगेच सांगितलं. सरोज. बरगीकडच्या खेड्यातली मुलगी, इथे भाड्याच्या खोलीत राहते, बारावी झालेली, परत आलेली पार्सलं तीच उघडते आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद तीच करते. त्या खोलीत तिच्याशिवाय कोणी जात नाही.

"बरं. माल कमी आहे हे तुमच्या आधी लक्षात कसं आलं नाही? मशीन म्हणते साड्या आहेत, आणि तरी तुम्ही नवं कापड घेतच होता. काहून?"

तो गडबडला. "ते माझी मिसेस बघते. सरोज तिला सांगायची, का वापस आलेला माल खराब आहे, पाठवण्यासारखा नाही. म्हणून नवीन शिवून पाठवायचे."

माझा उपनिरीक्षक बाजूलाच उभा होता. भिंडकडचा तरणाबांड गडी, कामाचा वाघ, पण वाघासारखीच झेप घ्यायची घाई. मालक बाहेर जाताच म्हणाला, "सर, ओपन एंड शट है. लड़की माल को खराब बताती थी और पार कर देती थी. कायम कर दें?"

कायम करणे म्हणजे गुन्हा दाखल करणे. मी म्हणालो, थांब. नव्या कायद्यात अशा प्रकरणात आधी चौकशी करून मग गुन्हा नोंदवायची सोय आहे, वरिष्ठांची परवानगी घ्यायची आणि ठरल्या मुदतीत चौकशी संपवायची. मी फोन करून परवानगी घेतली, रोजनामच्यात नोंद केली. तेवढ्यात आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचं सगळं लिखापढीचं काम बघणारा हवालदार, अर्जावरचं नाव वाचून म्हणाला, "साहब, इसी लड़की का चरित्र सत्यापन आया पड़ा है."

मी फॉर्म मागवला. सरोजची केंद्र सरकारच्या कारखान्यात निवड झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांनी लिहून द्यायचं असतं, की हिच्यावर कुठला गुन्हा नाही, चालचलन ठीक आहे. आठवड्याभरात पाठवायचा होता.

आता जरा विचार करा. जबलपुरात माणसं अशा नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसतात. माझ्या वडिलांनी त्या नोकरीवर आम्हा भावंडांना वाढवलं, म्हणून मला त्या कागदाची किंमत कोणी सांगायला नको. आज चोरीचा गुन्हा कायम केला असता, तर उद्या मला त्या फॉर्मवर तो लिहावाच लागला असता. पुढे कोर्टात ती निर्दोष सुटली तरी जागा दुसऱ्याची झालेली असती. मी फॉर्म मुन्शीला परत दिला आणि चौकशी संपेपर्यंत तसाच ठेवायला सांगितला.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, हा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी महिला आरक्षकाला, म्हणजे महिला शिपायाला, घेऊन मी सरोजच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक गॅस, भिंतीला नर्मदा मैयाचं चित्र. ती उभी राहिली ती उभीच.

"बेटा, साड़ियाँ कहाँ गईं?"

"साब, हमने चोरी नहीं की."

"ठीक है, नहीं की. तो गईं कहाँ?"

गप्प. मी चार तऱ्हांनी विचारलं. आधी गोडीत, मग जरा आवाज चढवून. पार्सल तू उघडतेस? हो. नोंद तू करतेस? हो. साडी खरंच आलेली असते का? हो साब, हर बार आई. मग ठेवतेस कुठे? की पुन्हा गप्प. शेवटी तिनेच मला एक प्रश्न केला, "साब, हमारा फारम थाने आ गया क्या?"

म्हणजे तिला सगळं कळत होतं. आपलं काय पणाला लागलं आहे हे पक्कं ठाऊक असूनही पोरगी तोंड उघडत नव्हती. मी शेकडो चोरांचे जबाब घेतले आहेत. खोटं बोलणाऱ्याकडे गोष्ट तयार असते, विचारायचा अवकाश, की सुरू. हिच्याकडे गोष्टच नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर चित्राकडे जायची आणि ओठ घट्ट मिटायचे. महिला आरक्षक बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, ये किसी की कसम में बँधी है." बायकांचं बायकांना कळतं. मला तेव्हा ते पटलं, पण पटून काय उपयोग? कसम कोणाची?

मालाचा माग काढायचा तर आधी बाजार. कमानिया गेटजवळ जुन्या भरजरी कपड्यांचा धंदा करणारा एक म्हातारा माझा जुना खबरी होता. त्याला विचारलं. त्याने पानाची पिंक टाकली आणि कानावर हात ठेवले. "साहब, मराठी लुगड़ा यहाँ लेगा कौन? एक भी आता तो मुझको पता होता." त्याच्यावर माझा विश्वास होता. चोरीचा माल बाजारात येतच नाही, म्हणजे चोर त्याचं करतो तरी काय? लोणचं?

खबर आली ती भलत्याच बाजूने. बरगीहून मासळी घेऊन येणारा एक गाडीवाला ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा प्यायचा. माझ्या उपनिरीक्षकाने त्याला सहज विचारलं, की तुमच्या भागात कोणाकडे अशी साडी दिसली का, आणि मोबाइलवर फोटो दाखवला. तो हसायलाच लागला. "अरे साहब, हमारे गाँव में तो इस बार दुल्हनें यही पहन रही हैं! दादी लोग खुश हैं, कि हमारे जमाने का काछ वाला लुगड़ा लौट आया. बस इसमें चेन लगी है."

"कौन देता है?"

"वो अपनी सरोज लाती है ना, शहर से."

उपनिरीक्षक उड्या मारतच माझ्या खोलीत आला. आता काय राहिलं? माल सापडला, गाव सरोजचं, आणणारी सरोज. मालकाला कसं कोण जाणे, संध्याकाळपर्यंत कळलंही. त्याचा फोन. "साहेब, सापडली ना चोर? आता तरी कागद देऊन टाका, सुनावणी आहे." खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. पोरगी निरपराध निघावी असं मनातून वाटत होतं, आणि पुरावा उलट बाजूला चालला होता. पण पोलिसाने आपल्या वाटण्यावर चालायचं नसतं. जप्तीची तयारी करून आम्ही गावात गेलो.

धरणाच्या पाण्याकाठचं छोटं गाव. काही घरं शेती करणारी, काही मासेमारी करणारी. पोलिसांची गाडी बघून माणसं लपवालपवी करतात, हा माझा जन्मभराचा अनुभव. इथे उलटंच. पहिल्याच घरात नव्या नवरीच्या आईने ट्रंक उघडली आणि हौसेने साडी बाहेर काढून दाखवली. हिरवीगार, काठाला थोडा हळदीचा डाग. दुसऱ्या घरात जांभळी. तिसऱ्या घरातल्या पोरीने तर नेसूनच दाखवली आणि मागे तिची आजी टाळ्या वाजवून हसली. एकीच्याही चेहऱ्यावर चोरीच्या मालाची भीती नव्हती.

"पैसे कितने लिए सरोज ने?"

आई रागावली. "पैसे? लगुन की चीज़ के पैसे कौन लेत है? माई ने पठवाई."

"कौन माई?"

"नाम तो सरोज बताउत नइयाँ. बस कहत है, माई ने कही है ऐसई करियो." म्हणजे नाव सांगत नाही, माईने असंच करायला सांगितलंय एवढंच म्हणते. आणि मग तिने ते करून दाखवलं. आधी हळद लावायची, मग कुंकू. पोरीचा पदर पुढे घ्यायचा, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खडीसाखर, आणि नारळ असा धरायचा की शेंडी पोरीकडे. म्हणाली, सगळं सामान साडीबरोबर गाठोड्यातच येतं. नारळ फोडून खाल्ला, तांदळाची खीर केली, पण हे एक कापड कशासाठी ते कळलं नाही म्हणून ठेवून दिलं. तिने ट्रंकेच्या कोपऱ्यातून ते काढून माझ्या हातावर ठेवलं.

खण होता. लाल काठाचा, चोळीचा खण, त्रिकोणी घडी घालून दोऱ्याने बांधलेला.

उपनिरीक्षक म्हणाला, "सर, इसको भी ज़ब्त कर लूँ?" त्याला त्यात एक कापडाचा तुकडा दिसत होता, त्याचा दोष नाही. मला माझी आई दिसत होती. हळदी-कुंकवाच्या आदल्या दिवशी खाटेवर बसून अशाच घड्या घालायची, आणि मी घातलेली घडी सुटली की डोक्यात टपली मारायची. मी तिथेच खो खो हसत सुटलो. गावकरी माझ्याकडे बघायला लागले.

"अरे बाबा, चोर कधी ओटी भरतो का?" मी उपनिरीक्षकाला म्हणालो. त्याला कळलं नाही. मग गाडीत बसून समजावलं. ही ओटी. आमच्यात लेकीबाळींना साडी अशी नुसती देत नाहीत, ओटी भरून देतात. चोरलेला माल वाटणारी पोरगी प्रत्येक साडीमागे पदरचा नारळ आणि खण कशाला घालेल? आणि बरगीच्या पोरीला खणाची त्रिकोणी घडी शिकवली कोणी? हे गाठोडं बांधणारी बाई मराठी आहे, संसारी आहे आणि जुन्या वळणाची आहे. मालकाच्या घरात अशी एकच बाई होती, त्याची आई, आणि तिचा जबाब घ्यायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

मालकाच्या घरी पोचलो तेव्हा तो दारातच आडवा आला. "साहेब, आईसमोर काही बोलू नका. तिला बीपी आहे. चोरीचं, नोटिशीचं, काहीच सांगितलं नाही तिला."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. आईला काही माहीतच नव्हतं! पोराने आईपासून नोटीस लपवली, आणि आईने पोरापासून साड्या. दोघांच्या मध्ये सापडली ती पगारी पोरगी.

"मी फक्त चहा घेतो," मी म्हणालो आणि आत गेलो.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या. साध्या सुती नऊवारीत, स्वतः नेसलेल्या. मी नमस्कार केला, मराठीत दोन शब्द बोललो, वडिलांचं गाव सांगितलं. बाई खुश झाल्या. "अमरावतीचे काय तुम्ही? मंग सांगाचं ना बावा आधी!" मी खिशातून तो खण काढला आणि मेथीशेजारी ठेवला.

"आई, ही घडी तुमच्या हातची ना?"

त्यांनी बघितलं. पोराकडे बघितलं. पुन्हा खणाकडे. आणि मेथीची जुडी खाली ठेवली.

"हाव. माह्याच हातची."

मालक म्हणाला, "आई, हे काय..."

"थांब तू. सायबाले सांगू दे मले." आणि मग बाईंनी तोंडाचा असा पट्टा सोडला, की मी नोकरीभर इतका सरळ कबुलीजबाब ऐकला नाही. "मीच देल्ल्या त्या साड्या. काहून? चोरी काय झाली त्याच्यात? अहो, ह्या पोरी साडी मागवतात, लग्नात मिरवतात, फोटो काढतात, अन् काम झालं का वापस पाठवतात. पसंत नाही म्हणे! हळद लागून राहते, अत्तराचा वास येऊन राहते, पदराले कोनाचं कुंकू. अन् हे दोघं म्हणतात, आई, इस्त्री करून नवी म्हणून पाठवू. कोनाच्या अंगावरची उतरलेली साडी दुसऱ्या नवरीले नवी म्हणून विकाची? माह्या घरातून? मी जिती असताना?"

सूनबाई आतल्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हसू लपवत होती की रडू, मला कळलं नाही.

"मग सरळ सांगायचं ना मुलाला," मी म्हणालो.

"सांगतलं. ऐकलं काय त्यानं? म्हणते, आई, मशीनमधी स्टॉक चढला, आता विकाच लागते. मी म्हटलं, मशीनले सांग बावा, साडी वापस आली म्हणजे नवी होत नाही. मंग मीच सरोजले म्हटलं, तुह्या गावात गरिबाच्या पोरीइचे लग्न होतात ना? घेऊन जा. धुऊन, डाग काढून, ओटी भरून. पण गुपचूप. नर्मदा मायची शपथ आहे तुले, घरात कोनाले सांगशील तर."

झालं. जबलपुरात नर्मदेची शपथ म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथे माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण मैयाची सौगंध मोडणार नाही. मी आईंना हळूच सांगितलं, की सरोजवर चोरीचा अर्ज आहे, तिने एक शब्द बोललेला नाही, आणि तिच्या नोकरीचा कागद माझ्या ठाण्यात अडकला आहे.

बीपी-बिपी काही नाही! बाई ताडकन उठल्या. पायात चपला घातल्या आणि पोराला म्हणाल्या, "गाडी काढ." मालक म्हणाला, आई, साहेब इथेच लिहून घेतील, कायद्याने तुला ठाण्यात यायची गरज नाही. "चोर म्हणून त्या पोरीचं नाव ठाण्यात जाऊन लिहिलं ना तू? मंग पुसाले बी तिथंच जाऊ."

मुन्शीच्या टेबलापुढे बसून त्यांनी जबाब लिहवला. त्या मराठीत सांगायच्या, मी हिंदी करायचो, मुन्शी लिहायचा. मध्येच म्हणाल्या, "बरोबर लिहून राहिला ना हा? माह्या मनानं देल्ल्या म्हणून लिही." मुन्शीने विचारलं, "साहब, ओटी को क्या लिखूँ?" मी म्हणालो, ओटीच लिही. सरकारी कागदात एकदा जाऊ दे.

मालकाने तिथूनच स्पीकरवर कर सल्लागाराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडून आधी मोठा श्वास ऐकू आला आणि मग हसू. सल्लागार म्हणाले, हे तर चोरीपेक्षा बरं झालं. साड्या गावात प्रत्यक्ष आहेत, बायका सांगतील, म्हणजे परती खऱ्या होत्या हे दाखवता येईल. दान दिलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची सवलत तेवढी परत भरावी लागेल, ती भरू. आणि सॉफ्टवेअरमध्ये परत आलेला माल सरळ विक्रीच्या साठ्यात टाकू नका, त्याच्यासाठी वेगळा कप्पा करा, बघून मगच पुढे पाठवा. मालक प्रत्येक वाक्याला "हो जी, हो जी" करत होता. त्याच्या मानेवरचं ओझं उतरताना दिसत होतं. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी आपल्याहून दुबळ्याचं नाव घेतो.

मी त्याला म्हणालो, अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्या, पण त्याआधी एक काम बाकी आहे. तुम्ही, तुमच्या मिसेस, आई, सगळे सरोजच्या खोलीवर चला.

गेलो. दारात आईंना बघून सरोजचा चेहरा असा झाला की बघवत नव्हतं. मालकाने हात जोडले, "दीदी, गलती हो गई, माफ कर दो." तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती आईंकडे बघून एवढंच म्हणाली, "माई, हमने कुछ नहीं बताया."

आईंनी तिला जवळ घेतलं आणि ढसाढसा रडल्या. "माह्या मुकाट्यापायी तुही भाकर जात होती वं," असं मराठीत म्हणत राहिल्या. पोरीला सगळे शब्द कळले नसतील, पण तीही रडत होती. सूनबाई रडत होती, आमची महिला आरक्षकही. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, कारण टोपी घातलेल्या माणसाने असं डोळे पुसत उभं राहणं बरं दिसत नाही.

चौकशी बंद केल्याचा अहवाल वर पाठवला. मग मुन्शीकडून तो सत्यापनाचा फॉर्म मागवला. एरवी त्यावर मुन्शी लिहितो आणि मी नुसती सही करतो. त्या दिवशी मी स्वतः लिहिलं, की हिच्यावर कोणताही गुन्हा नाही, चालचलन उत्तम. छापील नमुन्यात 'ठीक' असतं. मी 'उत्तम' लिहिलं, आणि वरच्यांनी विचारलं असतं तर उत्तरही देणार होतो. कोणी विचारलं नाही. सरोज कारखान्यात रुजू झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? मुख्य म्हणजे गप्प माणसाकडे बघायला शिकवलं. आम्हा पोलिसांना सवय असते, की जो बोलत नाही तो लपवतो आणि जो लपवतो तो गुन्हेगार. पण माणूस दुसऱ्याचा शब्द राखायलाही गप्प बसतो, आणि तेव्हा त्याच्याजवळ आपल्या बचावाचं काहीच उरत नाही. त्याचा बचाव शोधायचं काम मग तपास करणाऱ्याचंच असतं. तक्रार, संशय, पुरावा, सगळं पहिल्या दिवसापासून एका रांगेत लागलं होतं. मालकाला मशीनमधला माल जुळवायला एक कागद हवा होता, माझ्या उपनिरीक्षकाला निकाल हवा होता, आणि कागद द्यायला मला दहा मिनिटंही लागली नसती. साठा जुळला असता, नोटिशीला उत्तर गेलं असतं, सगळ्यांचं काम झालं असतं. आणि एक मुलगी, जिने आपली भाकर जाऊ दिली असती पण म्हातारीला दिलेला शब्द मोडला नसता, ती जन्मभर चोर म्हणून जगली असती.